उत्तराची मुदत

"मग, पान उघडू का आता सगळ्यांसाठी?" मुलानं विचारलं.

"थांब रे. ते फूल जरा भडक वाटतंय," आई म्हणाली.

कापड बेतायच्या टेबलावर एका बाजूला त्याचा लॅपटॉप होता, दुसऱ्या बाजूला कुणाचीतरी पॅन्ट, कमरेत सैल करायची. मधे खडू, टेप आणि दोघांचे चहाचे कप. अल्टरेशनचं हे दुकान तिचं. एवढंसं, की ट्रायलचा पडदा सारून गिऱ्हाईक बाहेर आलं की थेट मशीनवर आदळायचं. लॅपटॉपवर तिच्या लग्नाच्या आमंत्रणाचं वेबपान होतं. वर नावं, मधे तारखेची मोकळी जागा, खाली दोन बटणं: येणार, येऊ शकणार नाही. लोकांच्या लग्नांची अशी पानं करून देणं हाच मुलाचा धंदा.

"सकाळी ते फिकट होतं म्हणून तूच बदलायला लावलंस."

"मग आता भडक झालं ना."

मुलानं लॅपटॉपवरून हात काढला आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "हे बघ, तारीख पक्की नसेल तर लोकांकडून उत्तरं मागायची नसतात. ते एका तारखेला हो म्हणतात, तारीख हलते, मग कोण येतंय नि कोण नाही, कुणाचा कुणाला पत्ता नसतो. आणि पक्की असेल तर उगाच ताणायचं नसतं. तुमची पक्की आहे का?"

तुमची म्हणजे तिची आणि समोरच्या दुकानातल्या चष्मेवाल्यांची.

"पहिला रविवार, नाहीतर तिसरा," ती म्हणाली. "तुला कुठला बरा पडतो?"

"माझं काय मधेच? तुम्हाला सोयीचा तो ठेवा."

महिनाभर हेच चाललं होतं. पान करून देतो म्हणाला होता. येतो म्हणाला नव्हता. आणि तो येतो म्हणेपर्यंत तिच्यानं तारीख ठरवली जात नव्हती. हॉलवाल्याला चष्मेवाल्यांनी दोनदा थोपवून धरलं होतं. घोडं कुठं अडलंय, हे त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं. तेवढं त्यांना चष्म्याशिवाय दिसत होतं.

तिनं पॅन्ट उलटी केली. शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, किती सोडलीय ते चाचपलं आणि उसवायला घेतलं.

"चष्मेवाले नाही म्हणतायत का?" मुलानं विचारलं. नजर स्क्रीनवरच. "की तुलाच नको वाटतंय आता? तसं असेल तर सांग. पुसून टाकायला काही वेळ लागत नाही."

आवाज एकदम मऊ झाला होता. लहानपणी काही हवं असलं की व्हायचा, तसा. तिला तेच सगळ्यात जास्त लागलं.

"मला हवंय," ती म्हणाली. "या वयात तोंडानं सांगायला लाज वाटते. पण हवंय."

त्यानं टेबलावरचा खडू उचलून पुन्हा ठेवला. मग म्हणाला, "बाबा असते तर..."

"बाबा असते तर हे पान लागलंच नसतं, बाळा."

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती काही सुरू होत नव्हती. तिनं उसवलेले दोरे एकेक करून वेचले, त्यांची गोळी केली आणि कपाच्या बशीत ठेवली.

"पहिला रविवार घाल," ती म्हणाली. "आणि उघड."

त्यानं तारीख घातली. "उत्तर कळवायची मुदत? साधारण आठ-पंधरा दिवस आधीची ठेवतात."

"ती नको ठेवूस."

"असं कसं चालेल, आई? जेवणाला ताटं किती सांगणार मग?"

"एक जास्तीचं सांगेन मी."

टाइप करणारी बोटं थांबली. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच. मग मुदतीची ओळ पुसली आणि बटण दाबलं.

"गेलं. सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे, तुलाही?"

तो उत्तर देणार तेवढ्यात त्याच्याच शर्टाच्या खिशात मोबाईल वाजला. त्यानं खिशावर हात ठेवला. मोबाईल बाहेर काढला नाही.

"मलाही," तो म्हणाला.

टेबलावरचा तिचा मोबाईलही वाजायला लागला. उत्तरं तिथंही येत होती आणि लॅपटॉपवरही. त्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली, आवाज पुन्हा गिऱ्हाइकाशी बोलतानाचा. "त्यांची बहीण, चौघं, येणार. बटणांच्या दुकानवाल्या काकू, येणार. मामा, येणार. खाली लिहिलंय, 'ताई, मी नाचणार आहे, कुणी अडवायचं नाही.'"

"त्याचा गुडघा अडवेल त्याला," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. त्यालाही आलं. दोघांचं हसू एकदमच थांबलं.

तिनं सुईत दोरा ओवला. मोबाईल वाजत राहिला. प्रत्येक वेळी तिनं मान वर केली आणि पाहिलं. मोबाईलकडे नाही, समोर बसून दुसऱ्यांची उत्तरं वाचणाऱ्या मुलाकडे.