चढाकडे पडलेली झाडं

"इथेच होती हो," ती तिसऱ्यांदा म्हणाली आणि एका बुडख्यावर बसली. गुडघे तिचं ऐकेनासे झाले होते. समोर कंबरेएवढी झुडपं, त्यांच्यात जुन्या तोडीचे शेकडो बुडखे, आणि वर मोकळं आभाळ. पायवाट म्हणावी अशी रेघ कुठेच नव्हती.

सोमवारी तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "बाई, नंतर घरातल्या घरात खुशाल फिरा. डोंगर मात्र विसरा." म्हणून आजचा हा हट्ट. शाळेत शिकवत होती तेव्हा दर शनिवारी ती पोरांची रांग घेऊन या वाटेने वरच्या झऱ्यापर्यंत जायची. वाटेच्या तोंडाशी लाकूडतोड्यांचा तळ असे. पोरं त्यांना हात करायची, मग तीही करायची. ती वाट एकदा, शेवटची, पायाखालून जावी एवढंच तिला हवं होतं.

आणि सोबत कोण, तर वाट मोडणाराच. तिचा नवरा. तोडीच्या टोळीत उभा जन्म करवत चालवलेला माणूस. चौतीस वर्षांपूर्वी हा उतार त्याच्याच टोळीने साफ केला होता. बोडका डोंगर खालच्या रस्त्यावरून पाहून ती तणतणत लाकडाच्या डेपोवर भांडायला गेली. मुकादमाने हात वर केले. एका करवत्याने मात्र खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी पाण्याचा पेला पुढे केला. गेली भांडायला आणि आली लग्न ठरवून, असं तिच्या बहिणी अजून चिडवतात. तिने माणूस पत्करला, पण ती गोष्ट काही पोटात घातली नाही. पुन्हा या डोंगरावर पाऊल टाकलं नाही. घरात कशावरूनही वाजलं की गाडी शेवटी तिथेच यायची, "तुम्ही माझी वाट गाडलीत!" त्यावर तो मूग गिळून बसायचा.

आता तो पुढे चालला होता. एकेका बुडख्यापाशी वाकायचा, शेवाळ खरवडायचा, कडेने अंगठा फिरवायचा आणि पुढे सरकायचा. तिला हसूही आलं आणि रागही.

"अहो, वाट जमिनीवर असते. बुडख्यांत काय शोधताय?"

"खाच."

"कसली खाच?"

"झाड ज्या अंगाला पाडायचं, त्या अंगाला आधी खाच घेतात. ती बुडख्यावर राहते." त्याने बोट ठेवून दाखवलं. "ही बघ, उताराकडे. हीसुद्धा. डोंगरावर झाड उताराकडेच सोडायचं. जड असतं, आपसूक जातं."

एका दमात एवढं बोलणं म्हणजे त्याच्या मानाने भाषणच झालं. ती बघत राहिली. वीसेक पावलांवर तो थांबला आणि मागे न बघताच म्हणाला, "ये."

त्याच्या खांद्याचा आधार घेत ती पोचली. या बुडख्याची खाच चढाकडे होती. शेजारच्याचीही. त्याच्या पलीकडच्याचीही. डोंगराच्या पोटावरून बुडख्यांची एक आडवी ओळच गेली होती आणि तिच्यातली प्रत्येक खाच वर बघत होती. ओळीच्या जरा खाली त्याने काठीने झुडपं बाजूला सारली, कुजलेला पाला ओढला. खाली पाऊल मावेल एवढी सपाट पट्टी होती, कडेला बसवलेल्या दगडांची.

ती वाटेवर उभी राहिली. तिच्या डोळ्यांना धार लागली आणि तिने ती लपवली नाही.

"म्हणजे वाटेवर झाडं पडलीच नव्हती?"

"एकही नाही. चालणारं कुणी उरलं नाही, म्हणून झाकली गेली."

तिने जवळच्या बुडख्याच्या खाचेत बोटं घातली. "पण चढाकडे झाड पाडायचं म्हणजे..."

"दोर लावायचा. पाचरी ठोकायच्या. मागे घसरलं तर माणूस जातो. दिवसात दोन झाली तरी डोक्यावरून पाणी. मुकादम रोज शिव्या घालायचा."

"मग टोळीने ऐकलं कसं?"

"टोळीचं काय घेऊन बसलीस? ही ओळ माझ्या एकट्याची."

ओळ पार वळणापर्यंत दिसत होती. तिने बुडखे मोजायला सुरुवात केली. मग तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं.

"अहो, पण मी डेपोवर आले ती हे सगळं झाल्यावर. तेव्हा तर आपली ओळखसुद्धा नव्हती!"

त्याने काठी तिच्या हातात दिली.

"तुझी नव्हती," तो म्हणाला. "माझी होती."