सिंहपंजाचं कुंपण

एदुविनाची काठी चोराच्या मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. पहार त्याच्या हातातून निसटली. कुत्र्यानं त्याची पोटरी धरली ती सोडेना. तो पालथा पडला आणि त्याच्या पोत्यातून सिंहपंजाचे कंद घरंगळले.

अटाकामा वाळवंटाच्या या किनाऱ्याबाहेर सिंहपंजा जगात कुठं उगवत नाही. चांगला पाऊस झाला तर तांबडाभडक फुलतो, एरवी वर्षानुवर्षं जमिनीखाली दडून असतो. तो आपल्या घळीत आहे याचा एदुविनाला भारी ताठा होता.

"मावशी, कुत्रं आवर! मरेन मी!"

"मर की. खड्डे तूच खणून ठेवलेस."

तिनं आणखी दोन हाणले. मग काठीचं टोक त्याच्या गळ्यावर रोवलं. "वर पान नाही, काडी नाही. कंद कुठं आहेत हे सांगितलं कुणी तुला? नाव घे त्या मेल्याचं!"

तो रक्त थुंकला आणि चक्क हसला. "तूच की, मावशी. एकेकाभोवती दगडांचं कुंपण घातलंयस. आंधळ्यालाही सापडतील."

एदुविनाचा हात सैल पडला. तिनं कुत्र्याला हाक मारली. चोर लंगडत पळाला, तिकडं तिनं पाहिलंही नाही.

ती कुंपणं तिनं आणि तिच्या भावानं, नोल्बेर्तोनं, गेल्या बहरात घातली होती, आपल्याच शेळ्यांनी कोंब ओरबाडू नयेत म्हणून. सांडलेले कंद तिनं आधी मातीत पुरले. मग पहिला दगड उचलून लांब भिरकावला. दुसरा भिरकावला. जे उचलेनात त्यांना लाथा घातल्या. नखं फुटली तरी ती थांबेना. नोल्बेर्तो धावत आला तोवर अख्खी घळ सपाट झाली होती.

"वेड लागलं का गं तुला? पाऊस पडू दे, शेळ्या एक कोंब ठेवायच्या नाहीत!"

"ठाऊक आहे मला."

"मग?"

तिनं रक्ताळलेले हात झग्याला पुसले आणि त्याच्या कमरेची सुरी उपसून घेतली.

"एदुविना, अगं, आपलं पोट आहे त्यांच्यावर!"

तिनं म्होरक्या शेळीला रोजच्यासारखी शीळ घातली. शेळी उड्या मारत आली.