दोनखणी तबेला

माणसाची संस्कृती त्याच्या घोड्याच्या निवाऱ्यावरून ओळखावी, असं निवृत्त नालबंदाचं ठाम मत होतं. त्याची स्वतःची म्हातारी घोडी दोन वर्षं पत्र्याच्या आडोशाला उभी होती, कारण तबेला कोणत्या धाटणीचा बांधायचा हे ठरत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात जोडीचा घोडा गेला आणि घोडीने अंग टाकणंच सोडलं. कुणी पहाऱ्याला असेल तरच ती आडवी व्हायची. म्हणून नालबंद रोज जेवण उरकून तिच्याजवळ स्टुलावर जाऊन बसे. तो बसला की ती आडवी होई, तो उठला की तीही उठे. सकाळी चहाला तो घरात यायचा तो कंबर धरूनच.

सुताराने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुन्हा तेच तीन नकाशे पसरले. एकात मधून वाट आणि दोन्ही अंगांना खण. दुसरा तीन बाजूंनी बंद, एका बाजूने उघडा. तिसऱ्याला वर गवताचा माळा.

"पहिला राजेशाही आहे," नालबंद म्हणाला, "पण वारा आरपार जाईल. दुसऱ्यात वारा शिरेल, पण मग जाईल कुठून? आणि माळा म्हटलं की उंदीर आले."

"काका, गेल्या खेपेला हेच म्हणालात. त्याच्या आधीही."

"अरे, घाई करायला हे काय कोंबड्यांचं खुराडं आहे?"

बायको ओले हात पुसत आली. तिने दुसऱ्या नकाशावर बोट ठेवलं. "हा बांध. घराच्या भिंतीला लागून. आणि खण दोन."

"घोडी एकच आहे, काकू."

"मला मोजता येतं."

नालबंदाला भरून आलं. वीस वर्षांत हिने घोडीला 'तुमची ती' याखेरीज नाव दिलं नव्हतं, आणि आज तीच घोडीला जोड आणू म्हणत होती! बांधकाम चाललं तो महिनाभर तो गावोगाव घोडे बघत हिंडला.

"अगं, एक शांत घोडा हेरून ठेवलाय."

"हेरा की. हेरायला काय जातं?"

तबेला झाला. घोडीला पहिल्या खणात बांधून नालबंद मोठ्या हौसेने दुसऱ्या खणात गवताचा भारा घेऊन शिरला. समोर खाट होती. खाटेवर त्याची उशी, त्याचं पांघरूण आणि कंबरेला चोळायचं मलम.

भारा त्याच्या हातातून गळून पडला.

"म्हणजे या वयात मला घराबाहेर काढलंस?"

"घरात होतात कधी?" दारातून बायको म्हणाली.

तो मान खाली घालून भारा कोपऱ्यात सारायला गेला, आणि थबकला.

खाटा दोन होत्या. भिंतीकडची तिने घेतली होती.