बारमाही

पंचशीलाताईंनी तक्ता मांडीवर उघडला. तीन महिने, नव्वद चौकोन, सगळे कोरे. पाळी आली की चौकोनात लाल टिकली द्यायची, एवढंच शिवकन्येला सांगितलं होतं. तिला ते चौकोन माळावरून दिसणाऱ्या वावरांसारखे वाटायचे, पेरणीवाचून पडलेले.

ताई लातूरच्या दवाखान्यातून यायच्या. ज्या पोरींची पाळी महिनोन्महिने अडते, हनुवटीवर केस येतात, त्यांना हार्मोनची कोणती गोळी मानवते, याचा तिथं अभ्यास चालला होता. जळकोटच्या बाजूच्या अकरा पोरी त्यात होत्या. गावाला टँकर आठ दिवसांनी यायचा. पारावर माणसं नव्या जिल्ह्याच्या गोष्टी करायची. जिल्हा झाला की घरोघरी नळ, म्हणायची. शिवकन्या ऐकता ऐकता डोळे मिटायची, आणि तिच्या आत कुठंतरी झुळझुळ व्हायचं.

घरात बायका तिघी. आजी लक्ष्मीबाई, वहिनी गुरम्मा आणि ती. आजीचा नेम कडक. विटाळातल्या हातचं पाणी तिनं जन्मात घेतलं नव्हतं. गुरम्मा चार दिवस बाजूला बसली की रांजणाला हात शिवकन्येचाच. "माझी नात बारमाही हाय," आजी शेजारणींना सांगायची, झऱ्याबद्दल बोलावं तशी. डोळ्यांनी तिला धड दिसत नव्हतं. रोज सकाळी रांजणात काठी बुडवायची आणि काठीची ओल बोटांनी मोजायची. आताही काठी हाताशी घेऊन ती ताईंजवळच बसली होती.

"गोळी लागू पडत नाही," ताई म्हणाल्या. "बंद करावी लागेल."

शिवकन्या तक्त्याकडं बघत राहिली. गोळी लागू पडली होती. फाल्गुनातल्या एका दुपारी अंगात हळूच ऊब उतरली होती, ढेकळात ओल उतरावी तशी. तिला गावं वाटलं होतं. पण गुरम्मा त्याच दिवशी बाजूला बसलेली, आणि ओसरीवर आजीचा घसा सुकलेला. तिनं तांब्या भरला. पाणी डुचमळलं, पाण्यातलं आभाळ डुचमळलं, आणि आजीनं ते सगळं घटाघटा पिऊन टाकलं. चैत्रात पुन्हा तसंच. टिकली दिली असती तर आजीचा जन्माचा नेम तिच्या हातून मोडल्याचं घरभर झालं असतं. आता न बोलावं, तर ती ऊब जाणार होती.

ताईंनी पेनचं टोपण काढलं.

"फागणात आलती," शिवकन्या म्हणाली. "चैतात आलती. आन् आज सकाळीबी. आजीला पाणी मीच दिलं, दोन्ही बारी."

कालच न्हाऊन घरात आलेली गुरम्मा दचकली. लगबगीनं तिनं आजीपुढचा तांब्या उचलला आणि आपल्या हातानं भरायला रांजणाकडं निघाली.

"ठेव तो, गुरम्मा," आजी म्हणाली.

गुरम्मानं तांब्या खाली ठेवला. आजी काठीवरून बोटं फिरवत राहिली, जणू अजून ओल शोधत होती.

"फागणात, चैतात त्या चार-चार दिवसांत रांजण दर वेळेपेक्षा बोटभर जास्त उतरायचा. दोघींच्या धुण्याला पाणी लागतंयच की." मग तिनं नातीच्या दिशेनं हात पुढं केला. "आण, पोरी. दोन महिने तुझ्याच हातचं पिऊन राहिले, आजच का तहानलेली ठेवतीस?"