जोडीदाराचं मशीन

"सगळ्यात मोठं दिसतंय ते कार्ड द्या," काका म्हणाले.

"मोठं आहे म्हणूनच नको," ती म्हणाली. त्या दुकानात कॉम्प्युटर जोडायचं काम तिचं होतं, आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात काहीतरी मारणं तिच्या स्वभावात नव्हतं. "हे ग्राफिक्स कार्ड तुम्ही निवडलेल्या कॅबिनेटमध्ये मावणारच नाही. मावलं, तरी प्रोसेसरला झेपणार नाही."

काका आयुष्यभर क्रेन चालवून निवृत्त झालेले. "म्हणजे हुक दहा टनांचा आणि दोर दोन टनांचा, असं होईल."

"अगदी तसंच."

तिने मधल्या ताकदीचं कार्ड काढलं, त्याला साजेसा प्रोसेसर घेतला आणि पॉवर सप्लाय मात्र चांगला दणकट निवडला. रंगीत दिव्यांचे पंखे काकांनी हातात घेतले, तेव्हा ती हसली. "दिव्यांनी खेळ पळत नाही, काका. नातवासाठी घेताय का?"

"नातू नाही. माझा जोडीदार आहे. आम्ही रोज सकाळी अकराला खेळतो."

काकांनी उजवा हात काउंटरवर ठेवला. बोटं थोडी आखडलेली होती. "गेल्या वर्षी हा हात गेला. मी पलंगावरून उठायचं सोडून दिलं होतं. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवायला काहीतरी खेळा. लेकीने खेळ लावून दिला. मी आपला भिंतीवर आपटतोय, मरतोय. सगळे मला सोडून पुढे जायचे. एकटी 'तोफ' थांबली."

"तोफ?"

"खेळातलं नाव. खरं माहीत नाही, आवाजही कधी ऐकला नाही. आम्ही लिहूनच बोलतो. पण त्या पोराचा धीर बघा. तोच पूल मला सतरा वेळा ओलांडायला लावला. एकदाही वैतागला नाही. अकराला तो वाट बघत असेल, एवढ्यासाठी मी उठायला लागलो. आता शर्टाची बटणं माझी मी लावतो."

तिने हातातला मदरबोर्ड हलकेच खाली ठेवला.

"त्याचं मशीन मात्र फार जुनं," काका म्हणाले. "ऐन लढाईत चित्र अडकतं. घरच्यांनी उरल्यासुरल्या भागांतून जोडून दिलंय म्हणे. तक्रार नाही हो त्याची. उलट लिहितो, एवढं तरी दिलंय, पुष्कळ झालं."

"जोडणाऱ्याने जरा मन लावायला हवं होतं," ती म्हणाली. "कोण वापरणार, कशासाठी, हे विचारावं तरी."

"जाऊ दे. त्याच मशीनवरून त्याने मला उभं केलं."

मग ती बराच वेळ भाग पुन्हा पुन्हा ताडून बघत राहिली. एक पंखा बदलून कमी आवाजाचा घेतला. रॅम वाढवली. बोलता बोलता म्हणाली, "आमच्या सासूबाईंना असं कुणीतरी भेटायला हवं होतं. सासरे गेल्यापासून खोलीतच असतात. जेवताना दोन शब्द, बस. काय करावं सुचत नाही."

"भेटेल," काका म्हणाले. "मलाही वाटलं नव्हतं."

"मशीन उद्या तयार होईल. मी स्वतः नेऊन लावून देईन. पत्ता सांगा."

"एक पुस्तक पाठवायचंय अशी थाप मारून काल काढून घेतलाय. नाव काही दिलं नाही, पण निघाला आपल्याच गावातला. तुमचं दुकान त्याच्या घरापासून जवळ, म्हणून तर इथे आलो." काकांनी खिशातून चिठ्ठी काढली. "माझ्यातर्फे एवढंच सांगा, की क्रेनवाला तुझे उपकार विसरणार नाही."

तिने चिठ्ठी उलगडली. पत्ता तिच्याच घराचा होता, आणि सकाळी अकरा वाजता त्या घरात सासूबाईंशिवाय कोणीही नसायचं.