चक्कीच्या वळणावरचा बर्फ

"चक्कीचं वळण कसं आहे? लवकर बोल, पोरीला काय सांगायचं?"

वॉकीटॉकीतून प्रशिक्षक विगलचा आवाज आला. तो वर होता, शर्यत सुटते तिथे, मेनाजवळ. आफ्रा खाली शेवटच्या रेषेपलीकडे धापा टाकत उभी होती. स्की अजून पायातच होत्या.

चक्कीच्या वळणावर रात्रीतून पाणी झिरपलं होतं आणि गोठलं होतं. तिथला बर्फ काचेसारखा झाला होता. आफ्रा अंग आवळून सरळ आत शिरली आणि दोन्ही स्की एकदम सटकल्या. कशीबशी उभी राहून तिने वेग कमी केला. कडेची जाळी हातभर अंतरावरून गेली. तिथेच अर्धा सेकंद गेला. फलकावर तिचं नाव पाचवं लागलं होतं.

संघातली जी आधी खाली येते, ती वरच्यांना वाट सांगते. ही रीत. चौदा वर्षं आफ्राने वाट सांगितली होती, आणि दुसऱ्यांनी सांगितलेल्या वाटेवर डोळे झाकून उडी घेतली होती. ताशी शंभरच्या वेगात ऐकलेला शब्द तपासून बघता येत नाही.

पण जागतिक स्पर्धेच्या संघात एकच जागा उरली होती. आज आफ्रा आणि मेना यांच्यात जी पुढे राहील, ती जाणार. मेना वीस वर्षांची. आफ्रा चौतीस. मेनाला पुढची स्पर्धा होती, त्याच्या पुढचीही होती. आफ्राला हीच.

तिने बटण दाबलं. "वळण स्वच्छ आहे. सरळ सोड म्हणावं. उभं राहून वेग कमी करायची गरज नाही."

"बरं," विगल म्हणाला.

कुंपणापलीकडून मेनाची आई रेझी वाकली. तिची गावात बेकरी होती. तिने जर्दाळूच्या जॅमचा तळलेला पाव आफ्राच्या हातात कोंबला. "खा गं, वाळून काठी झालीस. आमच्या घोडीला सगळं नीट सांगितलंस ना? माझं एक ऐकत नाही ती. तुझं ऐकते."

"सांगितलं," आफ्रा म्हणाली.

आफ्रा आणि मेनाच्या मध्ये एकच स्विस मुलगी होती. मोठ्या पडद्यावर ती चक्कीच्या वळणात शिरली, फेकली गेली, खांद्याने जाळीला घासली आणि नशिबाने उभी राहिली. लोक ओरडले. रेझीने छातीवर क्रूसाची खूण केली.

आफ्राचा अंगठा बटणावर होता. अजून वेळ होता. पण आता खरं सांगितलं तर विगल विचारेल, मघाशी असं का सांगितलंस? एवढ्या एका प्रश्नाला ती भ्याली. तिने अंगठा काढून घेतला.

मेना सुटली.

आफ्राला पडद्याकडे बघवेना. ती रेझीच्या हातमोज्यांकडे बघत राहिली. ते कुंपणाची दोरी आवळत होते. मग लोकांनी आणलेल्या गुरांच्या घंटा वाजायला लागल्या, लोक नाचायला लागले आणि हातमोजे दोरीवरून सुटले. आफ्राने वर पाहिलं. चक्कीचं वळण पडद्यावर पुन्हा दाखवत होते. मेना वळणाच्या बरीच आधी उभी राहिली होती. वेग कमी करून, अलगद, जाळीपासून चांगली दूर राहून ती निघाली होती.

फलकावर तिचं नाव तिसरं लागलं.

टीव्हीवाल्याने माइक पुढे केला. मेना हसत म्हणाली, "आमच्या आफ्राने वर कळवलं होतं, तिथे बर्फ आहे, आधीच उभी राहा. नाहीतर आत्ता तुम्ही मला जाळीतून सोडवत बसला असता."

रेझीने सगळ्यांदेखत आफ्राचे दोन्ही गाल चुंबले. आफ्राने उरलेला पाव खिशात सारला.

विगलने शब्द बदलला, तिला वाटलं. विगलला कळलंय.

तासाभराने संघाच्या झोपडीत विगलने संघ वाचून दाखवला. मेना. आफ्रा त्याला कोपऱ्यात घेऊन गेली. "माझा निरोप का बदललास?"

"कुठला निरोप?"

"चक्कीच्या वळणाचा."

"अगं, माझे दोन्ही हात पोरीच्या बुटाच्या कड्यांत अडकले होते. वॉकीटॉकी तीच धरून होती, कानाला लावून. 'बरं' एवढं बोललो मी, तेही बुटाला. तू काय सांगितलंस ते तिलाच ठाऊक." विगलने चष्मा काढला. "आणि हे बघ, शर्यतीत उतरायला नाही, पण तू चल. जागतिक स्पर्धेत वाट सांगायला तिला तूच हवीये. मी दुसरी दोन नावं सुचवली, तर ती मानच हलवेना."

मेना बाहेर बाकावर बसून स्कीच्या कडा पुसत होती. आफ्रा समोर उभी राहिली.

"तू ऐकलं होतंस."

"ऐकलं. पण त्याआधी तुझी वेळही ऐकली होती. वर भोंग्यावर सांगतात. वळण स्वच्छ होतं, तर अर्धा सेकंद कुठे सांडलास, म्हातारे?"

आफ्राचे कान जळत होते. "मग आईसमोर, टीव्हीसमोर ते तसं का सांगितलंस?"

"आई तुला दर शनिवारी पाव पाठवते. तिला काय सांगू?"

"आणि मलाच का बोलावतेस? जिने तुला…"

मेनाने फडकं झटकलं. पहिल्यांदाच तिने मान वर करून आफ्राकडे पाहिलं.

"बाकीच्यांचं मला माहीत नाही. वेळ आली तर त्या खोटं सांगतील, नाही सांगतील. तू आता नाही सांगणार."