पाहुणे असेपर्यंत

परदेशातल्या एका अनाथाश्रमात मी भरघोस देणगी देऊन महिनाभर सेवेला गेले होते. पहिल्याच दिवशी एक पाच वर्षांची चिमुरडी मला येऊन बिलगली आणि तिथल्या भाषेत ‘आई’ म्हणाली. मी विरघळलेच. मग तिची आंघोळ, वेणीफणी, जेवण, सगळं मीच बघू लागले. स्वयंपाक करणारी बाई मात्र तिच्याकडे ढुंकूनही बघत नसे. मला तिचा रागच यायचा.

निघायच्या आदल्या दिवशी पोरगी अंगणात धडपडली. गुडघा चांगलाच फुटला. मी हात पसरून धावले, तर ती मला चुकवून पळाली आणि त्या बाईच्या कमरेला मिठी मारून हमसाहमशी रडू लागली. बाईने पिठाने भरलेले हात वर धरले. तिला शिवलीसुद्धा नाही.

“अहो, जवळ घ्या ना तिला! काळीज आहे की दगड?” मी त्यांच्याच भाषेत, मोडकंतोडकं ओरडले.

बाईने आधी संचालकांच्या खिडकीकडे पाहिलं. मग वाकून पोरीच्या कानाशी पुटपुटली, “थोडी कळ काढ, बाळा. उद्या या गेल्या, की मग मला पुन्हा आई म्हण.”